खोटारड्या मुलीसाठी प्रार्थना

चर्चमध्ये पाळकांच्या खोलीबाहेर शिंपीणबाईंचा पहिला नंबर होता. तेवढ्यात एक गृहस्थ आठेक वर्षांच्या लेकीला ओढतच घेऊन आले.

“बाई, आम्हाला पुढे जाऊ द्या ना. पोरगी तापाने फणफणलीय.”

“मग डॉक्टरकडे न्या की. पाळकांकडे कशाला?”

“फार खोटं बोलते हो! म्हटलं, पाळकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करावी.”

“शिकली कुणाकडून?”

“देव जाणे! आमच्या सात पिढ्यांत कुणी खोटं बोललं नाही.”

“सात कशाला? बापाचं पाप पोरांना भोवायला बायबलात चारच पिढ्या सांगितल्यात.”

शिंपीणबाईंनी मुलीच्या कपाळाला हात लावला.

“अहो, कपाळ तर गार आहे!”

गृहस्थ छताकडे बघू लागले.

“पप्पा, मग आता खोकू का?”