चेकिंगचा चष्मा

आमचं गाव भोकरदन तालुक्यातलं, राजूरच्या अलीकडं, रोडाला लागूनच. बाप दुसऱ्याच्या रानात राबायचा, त्याचं एकच म्हननं, बाबासाहेबांनी सांगितलं शिका, तं तू शिक. मी काय शिकलो, दहावीला नापास झालो आन ष्टेरिंग शिकलो. बाप म्हनला, जाऊ दे, हेबी शिक्षनच हाय. पहिले मोसंब्याची गाडी चालवली, मंग सळईची, मंग ॲसिडचा टँकर भेटला. जालन्याच्या कारखान्यांत लोखंडाचा गंज काढायला ॲसिड लागतं सर, ते आम्ही लांबून, भोकरदनच्या रोडानं आनायचो. घराम्होरून जाताना मी दोन हारन मारायचो, सुमन, म्हंजे आमची घरवाली, दारात यायची.

आता आमच्या लाइनीचा रिवाज ऐका. शेठचे टँकर तीन आन सामान एकच, रबरी बूट, हातमोजे आन डोळ्याला घट्ट बसनारा चष्मा. ते सगळं राह्यचं कुठं, तं जालन्यात, पासिंगच्या हापिसासमोरच्या च्याच्या हॉटेलात. गाडी पासिंगला, म्हंजे सरकारी तपासनीला लागली की ते घालायचं, साहेबाम्होरं उभं राह्यचं, साहेब बराबर म्हनले की भायेर येऊन दुसऱ्या डायव्हरला द्यायचं. लग्नातला कोट कसा गल्लीभर फिरतो, तसं. आम्ही हसायचो बी. तसंच वालचं पॅकिंग. वाल म्हंजे टाकीखालची ॲसिडची तोटी, तिच्यातलं रबर. ते बदलायचं पासिंगच्या आदल्या दिवशी. गळू दे, झिरपू दे, पासिंग आल्याबिगर शेठ खर्चा करत न्हवता.

आन काय सांगू तुम्हाला, माझ्या गाडीचं पासिंग आलं आन सरकारी लोकांचा संप सुरू झाला. हापिसाला कुलूप. रोडवर चेकिंगवाला न्हाई. गिऱ्हाईकच न्हाई म्हनून हॉटेलवाल्यानं बी शटर वढलं आन गावाकडं गेला. मी शेठला म्हनलं, शेठ, वाल झिरपून राह्यला, पॅकिंग टाकून द्या. शेठ म्हनला, अरे, पासिंग कुठं हाय आता, संप मिटला की टाकू. म्हनलं, मंग गाडी उभी करू का. तं म्हने, ते घरी बसले म्हनून आपन बी बसायचं का, उलट मजा हाय, कोन अडवनार न्हाई तुला. मी संपवाल्यांना शिव्या देत न्हाई सर, ज्याचं पोट त्याला. पन सगळ्यांनाच वाटलं, चेकिंग बंद तं धोका बी बंद. अरे, ॲसिड काय संपावर गेल्तं का?

राजूरच्या म्होरं आल्तो, आरशात पाह्यलं तं मागं पांढरा धूर. गाडी बाजूला घेतली. वालातून धार लागल्ती, खाली रोड फसफसून राह्यला आन रोडाच्या कडंला बाया कापूस येचत होत्या. वरडलो, पळा, पळा गं मायांनो. मंग पान्हा घेतला, वाकलो, आन खरं सांगतो, हात आपोआप गळ्याकडं गेला, चष्मा वढायला. गळ्यात चष्मा कुठं! तो जालन्यात, शटरच्या आत. दोन आटे पिळले आन पॅकिंगच फाटलं, सगळं तोंडावर आलं.

त्याच बायांनी वाचवलं. पळाल्या न्हाईत त्या. मला वढत नेलं आन ठिबकाच्या पायपाखाली तोंड धरलं, धरूनच ठेवलं. त्यायचं भलं होवो. दवाखान्यात गेलो तं सिस्टर बी संपावर, डाक्टर एकटाच, तो तरी काय करील. उजवा डोळा जागीच गेला. डाव्यानं ऊन हाय का सावली, एवढंच कळतं. लय रडलो सर, गड्यानं रडू नये म्हनतात, मी रडलो.

मंग संप मिटला. शेठनं पॅकिंग टाकलं, हॉटेलातून सामान काढलं, गाडी पास. आन त्या गाडीवर डायव्हर कोन लागला म्हनता? आमचा जावई, संघपाल. म्या म्हनलं, जावईबापू, दुसरी कोंचीबी गाडी धरा, ही नका. ते म्हनले, मामा, घर चालवायचंय, बसून कसं भागल. माझ्या लेकीचं, लताचं, पोरगं रांगतं हाय आता. मी चष्म्याचं इचारलं. तं जावई काय म्हनले, मामा, तो हॉटेलातच असतो, चेकिंगला लागतो ना.

टाळकंच फिरलं माझं. सुमनला बाजारात धाडलं, तसलाच चष्मा आनवला, जावयाच्या हातात ठेवला आन त्यायच्यासमोर हात जोडले. म्हनलं, साहेबासाठी न्हाई, लतीसाठी घाला. ते हो म्हनले. मोठ्या मानसाला न्हाई कोन म्हनतं?

आता मी इथं वट्यावर बसतो. गाडी येती, दोन हारन वाजतेत. मी इचारतो, सुमन, गळ्यात हाय का गं चष्मा? ती म्हनती, हाय हो, हाय. तिचा आवाज बारीक येतो, पन मला काय दिसतंय सर. ती हाय म्हनती, मी बरं म्हनतो.