शाळेमागच्या मैदानात न झालेल्या मारामारीबाबत

नाव विचारता सर्वजण 'शिंपीआजोबा' म्हणतात. वय सदुसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार शाळेच्या मागच्या फाटकासमोर, दुकानाच्या माळ्यावर. समक्ष हजर राहून सांगतो ते असे की,

माझा नातू, ज्यास मुले 'काडी' म्हणतात, नववीत शिकतो. त्याचा हात मोडला होता, प्लास्टर परवाच निघाले. दहावीतील 'रणगाडा' नावाच्या मुलाने शाळा सुटल्यावर त्याला मैदानात बघून घेण्याचे जाहीर केले होते. कारण, नातू त्याला हसला. नातू सगळ्यांनाच हसतो.

काल शाळा सुटताच दुकानातून पाहिले, तर दोघांभोवती अख्खी शाळा गोळा झालेली. मी पोलीस ठाण्यात फोन करून "पोराचा मुडदा पाडतायत" असे कळवले व कापड मोजायचा लाकडी गज घेऊन धावलो. ते बोलणे जरा वाढीव होते, हे मान्य.

मी पोहोचतो तोच सर्व मुलांनी एकदम दोघांकडे पाठ फिरवली व सतराचा पाढा मोठ्याने सुरू केला. मारामारी कोणी बघायचीच नाही, असे मुलांनी आपापसांत ठरवले आहे, असे नंतर समजले. रणगाडा "अरे, बघा ना!" असे ओरडला. कोणीही बघितले नाही.

नातवाच्या वर्गातील दोन वेण्यांची मुलगी मला म्हणाली, "आजोबा, वळा. तुम्ही एकटेच बघताय."

"अगं, माझा नातू आहे तो!"

"म्हणूनच वळा. तुमचा गज बघून रणगाड्याला आणखी चेव चढतोय."

मी वळलो. मागे आपले पोर उभे असताना पुढे बघत राहणे फार कठीण गेले. मी घाबरलो होतो. पाढा तिसऱ्याच ओळीला अडला, तेव्हा नुसते ओठ हलवले.

तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. हा जबाब लिहून घेणारे हवालदारसाहेब काठी घेऊन उतरले. सदर मुलीने त्यांनाही वळायला सांगितले.

थोड्या वेळाने मागून रणगाड्याचा आवाज आला, "ए काड्या, हे कधी थांबणार?"

नातू म्हणाला, "तू थांबलास की."

मग दोघे हसल्याचे मी स्वतः ऐकले.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. हा मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. फक्त हवालदारसाहेबांनीही पाठ फिरवून सतराचा पाढा शेवटपर्यंत म्हटला, हे वाक्य राहून गेले होते. ते घातल्याशिवाय मी सही करणार नाही म्हटल्यावर येथे घेतले आहे.