चिंधी आणि चेअरमनची विजार

"तीन महिन्यांच्या जिवाला चावरं ठरवणाऱ्या त्या सोसायटीच्या कमिटीला काही लाज?"

शिंपीणकाकूंचा आवाज जनावरांच्या दवाखान्यातल्या सगळ्या बाकांनी ऐकला. मांडीवरचं कुत्र्याचं पिल्लू मात्र त्यांची बाही चघळण्यात गुंग होतं. आज संध्याकाळपर्यंत ते जिथून आणलं तिथे परत करा, असं कमिटीने बजावलं होतं.

"काकू, झालं तरी काय?" डॉक्टरीणबाई दारातूनच म्हणाल्या.

"चेअरमनची विजार फाडली. पायाला ओरखडाही नाही! पण आता मलाच शंका येतेय. निवडताना मीच फसले का हो?"

"निवडताना त्याची आई पाहिली होती?"

"पाहिली की! गरीब गाय. पिल्लं अंगावर नाचत होती, तरी बया डोळा उघडेना."

"मग चावरेपणाची भीती सोडा. दात येताना हिरड्या शिवशिवतात. घरी चघळायला काय देता?"

"शिंप्याच्या घरात चिंध्यांना काय तोटा? हा ओढतो, फाडतो, आम्ही टाळ्या वाजवतो."

"टाळ्या?"

"अगं बाई! म्हणजे मीच शिकवलं?"

"तुम्हीच. चिंध्या बंद करा, रबरी खेळणं द्या. कपडा धरला की खेळ थांबवा. येईल वळणावर. परत कशाला करायचं?"

काकूंनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की दचकून पिल्लाने बाही सोडली.

"हात्तिच्या! मग आता त्या कमिटीनेच उत्तर द्यावं. चिंधी कुठली आणि चेअरमनची विजार कुठली, हे या लेकराने ओळखायचं कशावरून?"