कमानीचा उजवा पाय

दि. ०९/०८/२०२४

मी प्रदीप चिंतू वरठा, वय २३ वर्षे, धंदा वेल्डिंग कारागीर, शिक्षण नववी, राहणार सालवड, ता. जि. पालघर. पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की,

मी वरील पत्त्यावर आई भागी व बहीण सपना यांच्यासह राहतो. तीन वर्षांपासून बोईसर येथे हेतलभाई यांच्या वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमचे वेल्डिंग करतो.

दि. २५/०७/२०२४ रोजी सकाळी ११ वाजताचे सुमारास सातपाटीचे बोटमालक पुंडलिक मेहेर व त्यांच्या पत्नी नलूबाई वर्कशॉपला आले. त्यांच्या बोटीवर जाळे ओढण्याची कप्पी टांगण्यासाठी आम्ही ॲल्युमिनियमची कमान बनवत होतो. कमानीचे दोन पाय खालच्या जाड प्लेटींना जोडायचे बाकी होते.

ॲल्युमिनियमवर हवेने पातळ पापुद्रा धरतो. तो घासून काढल्याशिवाय व जाड प्लेट आधी तापवल्याशिवाय जोड आत उतरत नाही, वरवर बसतो. तेल राहिले तर जोडात भोके पडतात. बाहेरून पक्का व कच्चा जोड सारखाच दिसतो. हे मला त्या दिवशीही माहीत होते.

डावा पाय मी ॲसिटोनने पुसून, वेगळ्या ठेवलेल्या स्टीलच्या ब्रशने घासून, प्लेट गॅसने तापवून जोडला. उजवा पायही पुसून, घासून ठेवला होता. तेवढ्यात नलूबाईंनी पिशवीतून बाटली काढून उजव्या पायाला खोबरेल तेल चोळले व जोडाच्या जागी हळदकुंकू लावले. बोटीवर चढणाऱ्या नव्या वस्तूची आधी पूजा करतात, असे त्यांनी सांगितले. मी कापड घेतले तेव्हा त्या म्हणाल्या, "माजा मेहुल हिच्याखाली उभा रानार हाय. पुसू नको रे बाबा."

मी हेतलभाईंकडे पाहिले. ते म्हणाले, "पार्टी सामने खडी है. चालू कर."

मी पुसले नाही. तापवलेही नाही, कारण कुंकू त्यांच्या डोळ्यांदेखत करपले असते. तोंडावर काच घेतल्यावर मला बाई दिसत नव्हत्या. जोड काळा पडला. त्यावर मी आणखी एक थर दिला व घासून चकचकीत केला. पुंडलिकशेठ म्हणाले, "डाव्यापेक्षा हा झकास झाला."

दि. ०६/०८/२०२४ रोजी समुद्रात जाळे ओढताना कमानीचा उजवा पाय जोडातून निघाला. कमान नलूबाईंचा मुलगा मेहुल याच्या हातावर पडली. त्याची तीन बोटे काढावी लागली. हे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे.

दि. ०७/०८/२०२४ रोजी सकाळी १० वाजता पुंडलिकशेठ दोन माणसांसह वर्कशॉपला आले. त्यांनी माझ्या दोन कानफटात मारल्या. "तुमी डोंगरातली मानसं. सकाळीच ताडी ढोसायची नि आमच्या पोरांच्या जिवावर उठायचं." मी ताडी पीत नाही. त्यांनी निघालेली प्लेट माझ्यासमोर टाकली. प्लेट जवळजवळ कोरी होती. तिला चिकटून राहिलेल्या थोड्या जोडात सगळीकडे भोके होती. मारहाणीबाबत माझी तक्रार नाही.

ते गेल्यावर हेतलभाईंनी मला आत बोलावले. "तेल किसने लगाया? उसकी माँ ने. बस इतना बोल. ज्यादा बोला तो मैं तुझे पहचानता नहीं."

तेल नलूबाईंनी लावले हे खरे आहे. पुसणे माझे काम होते. एकदा कापड फिरवायचे व बाईंचे चार शब्द ऐकून घ्यायचे, एवढेच होते. 'चालू कर' हेतलभाई म्हणाले. चालू मी केले.

तेलामुळे जोड कच्चा राहिला ही गोष्ट नलूबाईंना कळू नये, अशी विनंती मी साहेबांना केली. विनंती जबाबात येत नाही, असे ते म्हणाले. मी आग्रह धरल्याने लिहून घेतली आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. त्या वेळी नलूबाई स्वतःच्या जबाबासाठी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. दार उघडे होते. मजकूर मी सांगितला तसाच, बरोबर आहे.

सही
प्रदीप चिंतू वरठा