अर्थ, हिंदी, वाक्य

(बदनापूर, १९९४. निवृत्तीला आलेले मुख्याध्यापक सर्जेराव यांच्या घराची ओसरी. समोर त्यांची जुनी विद्यार्थिनी आणि त्यांच्याच शाळेतली शिक्षिका, सत्यशीला. तिच्या मांडीवर चार महिन्यांचं मूल, सरांच्या हातात टाइप केलेला कागद.)

सत्यशीला : पुन्हा वाचा सर. तिसरी ओळ.

सर्जेराव : वाचली की.

सत्यशीला : मोठ्यानं. वर्गात आम्हाला उभं करून वाचायला लावायचात तशी.

सर्जेराव : "आय रिझाइन फ्रॉम माय पोस्ट व्हॉलंटरिली." झालं?

सत्यशीला : व्हॉलंटरिली. अर्थ?

सर्जेराव : सत्यशीला, आठवीतली आहेस का तू आता?

सत्यशीला : आठवीत रोज एक शब्द द्यायचात फळ्यावर. आधी अर्थ, मग हिंदी, मग वाक्य. शाळेत इंग्रजी-हिंदीचाच कोश होता, म्हणून हिंदी. मी माझ्या वर्गालाही तसंच शिकवते. शिकवत होते. सांगा ना, अर्थ?

सर्जेराव : आपखुशीनं. राजीखुशीनं.

सत्यशीला : हिंदी?

सर्जेराव : स्वेच्छा से. अपनी मर्जी से.

सत्यशीला : वाक्य मी करते. "बाळ तीन दिवसांचं, टाके ओले, आणि बाईंनी दवाखान्यात पडल्या पडल्या आपल्या मर्जीनं नोकरी सोडली." तारीख तीच आहे कागदावर. बरोबर की चूक?

सगुणाबाई (सरांच्या पत्नी, आतून येत) : अगं बया, सत्यशीला! कवा आलीस? लेकराला घेऊन एवढ्या उन्हाची? आण इकडं, झोळीत टाकते त्याला.

सत्यशीला : असू द्या काकू. हल्ली मी त्याला कुणाच्या हातात देत नाही.

सगुणाबाई : आता! मी काय परकी हाय? तुला शिकवलं ह्यांनी, नोकरीला लावलं ह्यांनी. रजा सरली न्हवं तुझी?

सत्यशीला : परवा गेले होते हजर व्हायला. माझ्या वर्गावर अण्णासाहेबांची सून शिकवत होती.

सगुणाबाई : संस्थेच्या अण्णासाहेबांची? आन् हेडमास्तर असून तुमी काय करून राह्यलते हो?

सर्जेराव : तू चहा ठेव जा.

सगुणाबाई : ठेवते. चुलीपाशी बी कान माझ्या संगंच येतेत.

सर्जेराव : हे बघ, खालची सही तुझीच आहे ना?

सत्यशीला : माझीच. रुजू झाले त्या दिवशीची. कोऱ्या कागदावर, पार खाली. "संस्थेत सगळ्यांकडून घेतात, नुसती रीत आहे," म्हणालात. "माझ्या कपाटात राहील, किल्ली माझ्या करदोट्याला." तुमचेच शब्द.

सर्जेराव : अण्णासाहेबांनी उघडायला लावलं कपाट. मी नोकरदार माणूस. आणि वरचा मजकूर भुजंगनं टाइप केला, क्लार्कनं.

सत्यशीला : टाइप त्यानं केला. सांगितला कुणी?

सर्जेराव : त्याला पाठ असतो असला मजकूर.

सत्यशीला : तेच म्हणते मी. उषाबाईंना काढलं तेव्हाचा कागद मी पाहिलाय. "व्हॉलंटरिली, विदाउट एनी प्रेशर, विदाउट एनी फिअर." भुजंगच्या मजकुराला ही एवढी शेपटी असते. माझ्या कागदाला शेपटी नाही.

सर्जेराव : राहून गेली असेल.

सत्यशीला : तुम्ही सांगितलं होतं, व्हॉलंटरिली लिहिलं की पुढं दबावाचं नाव काढायचं नाही. ज्याच्यावर दबाव नसतो त्याला ते सुचतच नाही. वहीत चौकट करून लिहून ठेवलंय मी. आपल्या संस्थेत एवढं इंग्रजी दुसऱ्या कुणाला येतं, सर?

सर्जेराव : इंग्रजीचं काय घेऊन बसलीस आता.

सत्यशीला : दहा वेळा वाचला मी कागद. दहाव्या वेळी तुमचा आवाज ऐकू आला.

सर्जेराव : सोळा महिने राहिलेत माझे. पेन्शनच्या कागदांवर अण्णासाहेबांची सही लागते. तुझ्या काकूचं ऑपरेशन आहे.

सगुणाबाई : माझं नाव मधी घालू नका! पोरीच्या तोंडचा घास काढा, असं मी न्हाई म्हनले.

सर्जेराव : तू तरुण आहेस. पदरात मूल आलं. घरात मिळवता नवरा आहे. मला वाटलं, तुला काही एवढं…

सत्यशीला : नवरा अंकुशनगरच्या कारखान्यावर आहे, सीझनपुरता. गाळप संपलं की घरी. हे तुम्हाला माहीत आहे, लग्नात तुम्हीच अक्षता टाकल्यात. एक विचारू? दवाखान्यात बाळाला बघायला आलात. त्याच्या मुठीत पाचाची नोट ठेवलीत, "इंग्रजी मी शिकवीन याला," म्हणालात. तेव्हा हा कागद टाइप झाला होता?

सर्जेराव : आदल्या दिवशी.

सगुणाबाई : अरे देवा.

सत्यशीला : सोमवारी जालन्याला चाललेय, शिक्षणाधिकाऱ्यांकडं. एक ओळ लिहून द्या. सही कोऱ्या कागदावर घेतली होती, एवढीच.

सर्जेराव : तेवढं सोडून बोल. दुसरं काहीही माग.

सत्यशीला : काहीही? मग हा कागद घ्या. हे पेन. इथं, पार खाली सही करा. वरचं मी सावकाश लिहीन.

सर्जेराव : कोरा आहे हा.

सत्यशीला : तोही कोराच होता.

सगुणाबाई : करा की. पोटच्या पोरीवानी हाय ती, तुमीच म्हनता.

सर्जेराव : पण वर काय लिहिणार ते तर सांगशील?

सत्यशीला : मी नव्हतं विचारलं, सर.