पब्लिक की प्रायव्हेट

(सकाळची वेळ. वहिनी सासऱ्यांच्या कॉम्प्युटरसमोर बसली आहे, फोन कानाशी. पलीकडे दुसऱ्या शहरातून नणंद, जी दर रविवारी तिथूनच या कॉम्प्युटरवर येऊन वडिलांबरोबर जुने फोटो लावते.)

नणंद : राउटरचं काम झालं, वहिनी. माझी वाट त्याने बाबांच्या कॉम्प्युटरकडे वळवलीय. तरी मी बाहेरच. म्हणजे आता अडवतोय तो कॉम्प्युटरचा स्वतःचा फायरवॉल.

वहिनी : मग मी काय करू, वन्सं?

नणंद : सेटिंगमध्ये नेटवर्क उघडा. नव्या राउटरच्या नावाखाली काय लिहिलंय, पब्लिक की प्रायव्हेट?

वहिनी : पब्लिक.

नणंद : तरीच. कॉम्प्युटरला वाटतंय आपण स्टेशनवरच्या फुकट नेटवर बसलोय, म्हणून कुणाला दारात उभं करत नाही. प्रिंटरही बंद असेल.

वहिनी : प्रिंटर चालू आहे. मी वायर जोडली. बाबांना औषधांची यादी छापून हवी होती.

नणंद : बाबा? तुम्ही तर मामंजी म्हणायचात.

वहिनी : त्यांनीच सांगितलं, बाबा म्हणत जा.

नणंद : असं होय. मला काही बोलले नाहीत. बरं, प्रायव्हेट दाबा.

वहिनी : दाबते. त्याआधी एक सांगायचंय. राउटरवाला गेल्यावर स्क्रीनवर प्रश्न आला होता, हे तुमच्या घरचं नेटवर्क आहे का म्हणून. मी ‘नाही’ दाबलं.

नणंद : होतं हो चुकून.

वहिनी : चुकून नाही. खालचं वाचलं होतं मी. ‘नाही’ म्हटलं की बाहेरच्या कुणाला हा कॉम्प्युटर दिसत नाही.

नणंद : तीन रविवार झाले, वहिनी. तीन रविवार मी इथे राउटरवाल्याच्या नावाने बोटं मोडतेय.

वहिनी : माहीत आहे मला.

नणंद : का पण?

वहिनी : सोमवार ते शनिवार त्यांचं सगळं माझ्याकडे. डोळ्यांत थेंब घालायचे, वेळेवर जेवायला वाढायचं, कुरकुर ऐकायची. आणि रविवारी दहाच्या ठोक्याला इस्त्रीचा शर्ट घालून या खुर्चीत बसायचे, तुम्ही येणार म्हणून. मी चहा ठेवला तरी मान वर नाही. एकदा शेजाऱ्यांना म्हणाले, माझी लेक तिकडे बसून इथलं सगळं सांभाळते. मी तेव्हा त्यांच्या पायांशी फरशी पुसत होते, वन्सं.

नणंद : शर्ट घालून बसायचे?

वहिनी : निळा. तोच लागतो.

नणंद : आणि या तीन रविवारी?

वहिनी : पहिल्या रविवारी तसेच बसून राहिले, तासभर. दुसऱ्या रविवारी मला म्हणाले, तू बस, फोटो लावू. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? सासूबाईंचे फोटो दाखवले. बाबांच्या पुलाच्या कामावर गेल्या होत्या तेव्हाचे, डोक्यावर त्यांची टोपी.

नणंद : आईचे? टोपीतले? दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर फोटो लावतेय. हे कधी निघाले नाहीत.

वहिनी : मला म्हणाले, तिला दाखवू नको, तिकडे एकटी रडत बसेल.

नणंद : तुमच्यापुढे ते रडले?

वहिनी : थोडेसे.

नणंद : प्रायव्हेट दाबलंत का?

वहिनी : हो, मी प्रायव्हेट केलंय.

नणंद : बरं. आता फायरवॉलच्या यादीत माझा प्रोग्राम शोधा. त्याच्यापुढे प्रायव्हेटची चौकट आहे, तिच्यात खूण करा.

वहिनी : केली.

नणंद : थांबा. हं, आले आत. अगंबाई, अक्षरं एवढाली कुणी केली?

वहिनी : मी. त्यांना दिसत नव्हती.

नणंद : मला कधी म्हणाले नाहीत.

वहिनी : तुम्ही इतकं नीटनेटकं लावून दिलेलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प राहिले असतील.

नणंद : तुम्हाला मात्र सांगितलं.

वहिनी : सांगितलं नाही. नाक स्क्रीनला टेकत होतं त्यांचं, ते मला दिसलं. हे बघा, मी रविवारी दहाला बाजारात जात जाईन. तुमचं बापलेकीचं चालू द्या. पुन्हा काही बंद करणार नाही मी.

नणंद : नका जाऊ. शेजारी बसा त्यांच्या. मला इथून नुसता माउसचा बाण हलताना दिसतो, वहिनी. ते हसले तर सांगत जा.