डाव्या दारावरचा पंजा

सन्माननीय अध्यक्ष हाजी बिलताजी, व्यासपीठावरची कारागीर मंडळी, आणि खुर्च्या संपल्यामुळे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या चालक बंधूंनो,

आपले गाडीमिस्त्री उस्ता रशवान गॅरेज बंद करून उद्या लेकीकडे अस्वानला निघाले. जुनं गिऱ्हाईक म्हणून मला उभं केलंय. मला भाषण येत नाही. काय म्हणालास, सब्री? येत असतं तर टेम्पो कशाला चालवला असता? तेही खरंच.

टेम्पो घेतला त्या दिवशी आपल्या रीतीप्रमाणे गल्लीत मेंढा कापला. माझ्या बायकोनं, नबविय्यानं, रक्तात हात बुडवून डाव्या दारावर पंजा उमटवला. म्हणाली, "नजर लागायची तर माझ्या हाताला लागू दे." पुढच्या वर्षी ती गेली. पंजा काळा पडला. मी त्यावर वार्निश मारलं आणि ते दार कधी धुतलं नाही.

मग उजवं दार चेपलं. गाडी उस्तांकडे टाकली. आणायला गेलो, तर हसत बाहेर आले. "डावीकडं बघ की, मुईन! तो जुनाट डाग घासून काढला, अख्खं दार रंगवलं. पैसे नकोत, माझ्याकडून भेट."

मी काय बोललो ते आठवत नाही. उस्ता खाली बसले, एवढं आठवतं.

पंच बसले. गाडी गॅरेजात असताना झालेलं नुकसान कुणाचं? गॅरेजचं. त्यावर वाद नव्हता. हाजी, तुम्हीच विचारलंत, "भरपाई काय?" मला सांगता आलं नाही. उस्ता म्हणाले, "माझ्याकडे बाकी राहू द्या."

काल त्यांचा निरोप आला, जाण्याआधी मला माफ कर. दूर निघालेला माणूस असं मागतो, आणि आपण द्यायचं असतं. सगळे त्यासाठीच माझ्याकडे बघताय ना?

उस्ता, तुमच्या मनात वाईट नव्हतं. पण पंच उठल्यावर तुम्ही हळूच म्हणालात, "करंगळी जरा वाकडी होती रे. घासताना दिसली." मी तिच्याशी संसार केला. मला ते ठाऊक नव्हतं. तिचा हात आता तेवढाच उरलाय, तुमच्याकडे. मी माफ केलं, तर तुम्ही निश्चिंत व्हाल आणि विसराल. नाही, उस्ता. माफ करत नाही. हे घेऊनच अस्वानला जा.

मंडळी, बोलावलंत, ऐकून घेतलंत, उपकार झाले. निरोपाच्या वेळी बोलू नये ते बोललो. सभेनं पोटात घालावं.